बेळगाव भागात किल्ले सोडून मराठी माणसाने बघावं असं काही आहे का?

तुम्ही विचारलंय की दोन दिवस आहेत, गाडी आहे, राजहंसगड आणि बेळगावचा किल्ला सोडून मराठी माणसाने बघावं असं या भागात काही आहे का, आणि लहान गावांतली संग्रहालयं वाट वाकडी करून जाण्याच्या लायकीची असतात का.

प्रश्नातलं ते 'मराठी माणसाने' वाचलं आणि गप्प बसवेना.

आधी उत्तर देतो. हलशीला जा. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, हलशी चुकवू नका. खानापूरहून नंदगडमार्गे जा. नंदगडला कित्तूरच्या राणी चन्नम्माचा इंग्रजांशी लढलेला सरदार संगोळ्ळी रायण्णा याची समाधी आहे, १८३१ मध्ये त्याला तिथेच फाशी दिलं, म्हणून तिथे थोडं थांबा. हलशी म्हणजे जुनी पलाशिका, बनवासीच्या कदंब राजांचं दुसरं राजधानीचं ठिकाण. पाचव्या शतकापासूनचे त्यांचे ताम्रपट याच गावात सापडले. आज उभं आहे ते भूवराह-नरसिंहाचं देऊळ मात्र बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांच्या वेळचं. दोन गाभारे समोरासमोर, एकात नरसिंह, एकात भूवराह. गोव्याच्या सरकारी बसवर 'कदंब' लिहिलेलं असतं ना, तेच हे कदंब. बेळगावच्या स्टँडवर आमच्या कित्येक पिढ्या त्या बसमध्ये चढल्या, पण हलसिगे नावाचा त्यांचा अख्खा प्रांत आपल्या पायाखाली आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. का सांगितलं नाही, त्याचं उत्तर माझ्या गावात आहे.

माझं गाव खानापूर तालुक्यात. तळ्याच्या काठाला एक वीरगळ होता, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत झिजलेल्या अक्षरांच्या ओळी. पोहून आलो की आम्ही पोरं त्यालाच टेकून अंग वाळवायचो. बायका शेजारच्या दगडांवर कपडे धुवायच्या, त्याच्यावर कुणी धुवायचं नाही. एवढा मान त्याला होता.

गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला. मी नोकरीमुळे बेळगावात. कमिटीतल्या लोकांना बजावून ठेवलं होतं की तो दगड हलवू नका, हलवलाच तर देवळाच्या आवारात उभा करा. कळसाच्या कार्यक्रमाला गेलो तर तळ्यावर दगड नाही. नव्या सभामंडपाच्या जोत्यात घातला होता, उताणा, वरून फरशी. चकचकीत ग्रॅनाइट.

कमिटीत माझे सख्खे मामा होते. हा माणूस १९८६ ला कानडी सक्तीच्या विरोधात रस्त्यावर उतरलेला, लाठ्या खाल्लेला. त्यांच्या निष्ठेबद्दल मी एक शब्द ऐकून घेणार नाही. पण त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते माझ्या मनातून अजून जात नाही. म्हणाले, "अरे, त्याच्यावर कानडी लिवलंय की. उद्या तेच दाखवून म्हणतील, बघा, गाव आमचंच. तू त्यांच्या हातात आयतं कोलीत देतोस."

ती अक्षरं कुणी वाचलीच नव्हती. त्यात त्या वीराचं नाव असेल, गावाचं जुनं नाव असेल. कदाचित आमच्याच एखाद्या घराण्याचा पूर्वज गाईगुरं सोडवताना पडलेला असेल. वीरगळ बहुतेकदा अशाच माणसांचे असतात, राजांचे नसतात. ते सगळं आता फरशीखाली.

पुढे बैलहोंगलला एका लग्नाला निघालो होतो. मामा बरोबर होते. वाटेत मुद्दाम कित्तूरला गाडी वळवली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कित्तूरच्या किल्ल्यात पडका राजवाडा आणि त्याला लागून संग्रहालय आहे. ऑक्टोबर १८२४ मध्ये राणी चन्नम्माच्या फौजेने इंग्रजांना हरवलं, कलेक्टर थॅकरे तिथेच मारला गेला, आणि डिसेंबरमध्ये इंग्रजांनी मोठी फौज आणून किल्ला घेतला. राणी १८२९ मध्ये बैलहोंगलला कैदेतच गेली. संग्रहालयात शस्त्रं आहेत, पण मला ओढ असते ती आसपासच्या गावांतून आणून ठेवलेल्या मूर्तींची आणि कोरीव दगडांची. मोठ्या शहरातल्या संग्रहालयात दगड कुठून कुठून आलेला असतो. इथे तो शेजारच्या शिवारातला असतो, आणि ते शिवार तुम्ही नुकतंच गाडीतून ओलांडलेलं असतं. म्हणून लहान संग्रहालयं बघायची.

मामा आधी उतरायलाच तयार नव्हते. उतरले ते रखवालदाराशी अस्खलित कानडीत बोलायला लागले. पाऊस, जोंधळा, बैलांचे भाव. दगडांसमोर बराच वेळ उभे होते. परत गाडीत बसल्यावर म्हणाले, "हे तिथं ठीक हाय. आपल्या गावात नको."

इथे माझं आणि त्यांचं फाटतं. सीमाभागाचा आपला दावा आज इथे जी माणसं राहतात आणि जी भाषा घरात बोलतात त्यावर उभा आहे. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेला दावा कुठल्या वीरगळाने बुडणार नाही. कोल्हापूरच्या शिलाहार राजांचे कितीतरी लेख कानडीत आहेत, म्हणून कोल्हापूर कर्नाटकात जात नाही. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठी ओळ कोरलेली आहे, म्हणून हासन जिल्हा आपण मागत नाही. ज्याला आपल्या हक्काची खात्री आहे त्याने दगडाला भिऊ नये. दगड पुरून जे वाचवलं असं वाटतं ते आपणच आपलं घालवतो. हे मी मामांना तोंडावर सांगितलंय, इथेही सांगतो. आणि दगडावर कानडी दिसलं की लगेच सातबारा मागायला येणारेही मला तितकेच नकोत.

बेळगाव शहरात किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन देऊळ बघा, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं, रट्ट राजांच्या काळातलं. त्याच किल्ल्यातले त्या काळचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. जसल्या दगडाला टेकून आम्ही अंग वाळवायचो, तसले इंग्रजांनी जहाजात घालून नेले. टिळकवाडीत काँग्रेस विहीर आणि वीरसौध आहे. गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव काँग्रेस अधिवेशन १९२४ मध्ये तिथेच भरलं. कित्तूरहून जवळच देगावला कमलनारायणाचं देऊळ आहे, कदंबांच्या कमलादेवी राणीने बांधवलेलं. छताकडे बघायला विसरू नका.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. पावसाळ्यात खानापूरकडचे आतले रस्ते गाडीचा जीव घेतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. संग्रहालयांच्या सुट्टीचा वार आणि वेळ निघण्याआधी विचारून घ्या. बेळगावच्या किल्ल्याचा काही भाग लष्कराकडे आहे, तिथे फोटोवरून हुज्जत घालू नका.

आणि वाटेत कुठे तळ्याकाठी, पाराखाली अक्षरांचा दगड दिसला तर त्यावर पीठ, खडू, तेल काही लावू नका. सकाळी नाहीतर संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो काढा, ऊन नसेल तर बाजूने बॅटरी धरा, अक्षरं आपोआप उठतात. गावाचं नाव आणि जागा लिहून म्हैसूरला भारतीय पुरातत्त्व खात्याच्या पुरालेख शाखेला, म्हणजे शिलालेख वाचणाऱ्यांना, पाठवा. गावात जीर्णोद्धाराची पावती पुस्तकं फिरायला लागली असतील, तर तेवढं काम त्याच फेरीत उरका.