यार्डात चालतं, रिपमध्ये बंद पडतं

तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना, कारण नावं बदलली तर ती माझीच हकीकत आहे. कनेक्टिकटमधल्या नायँटिकहून वीस फुटी सेंटर कन्सोल (मधोमध सुकाणू असलेली उघडी मोटरबोट) घेऊन 'द रेस' या जोरदार प्रवाहाच्या सामुद्रधुनीत स्ट्राइपर (पट्टेरी बास मासा) पकडायला जायचं, ओहोटीने जोर धरला की दोन-तीन ड्रिफ्टनंतर (प्रवाहाबरोबर वाहत मासेमारी करण्याच्या फेऱ्या) इंजिन घुटमळतं आणि बंद पडतं, खाडीत परतलं की शहाण्यासारखं चालतं, आणि बोटदुरुस्तीच्या यार्डवाले बिलावर लिहून देतात, 'दोष आढळला नाही.' शेवटी तुम्ही विचारलंय की बोट विकून टाकू का. नका विकू. निदान एवढ्यात तरी.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही, संगणकावर पोट भरणारा माणूस आहे. इंजिन कुठलं आणि किती जुनं हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे माझं निदान चुकूही शकतं. आणि ड्रिफ्ट कसा घ्यायचा, लाइफजॅकेट, व्हीएचएफ रेडिओचा सोळा नंबरचा (मदतीचा) चॅनेल वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

हा दोष रिपमध्येच, म्हणजे प्रवाह उंचवट्यावरून उसळतो त्या खवळलेल्या पाण्यातच, का दिसतो? फिशर्स आयलंड आणि लिटल गल यांच्यामधून लाँग आयलंड साउंडचं बरंचसं पाणी आत-बाहेर करतं. तळ शंभर-दोनशे फुटांवरून एकदम वर येतो, व्हॅलियंट रॉकपाशी तर वीस फुटांच्याही आत. कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पुराचं पाणी जातं तसं हे पाणी त्या उंचवट्यावरून उसळतं. उधाणाला वेग चार नॉटच्या वर जातो. त्यात ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं आणि वारा दक्षिणेचा किंवा आग्नेयेचा असला, की लाटा जवळजवळ, उभ्या आणि जागच्या जागी फुटतात. माकुळ आणि सँड ईल हे छोटे मासे तिथे गडबडतात म्हणून स्ट्राइपर तिथे, आणि स्ट्राइपर तिथे म्हणून आपण तिथे. पण त्या अर्ध्या तासात पेट्रोलची टाकी जेवढी घुसळली जाते, तेवढी खाडीत महिनाभर फिरूनही घुसळली जात नाही.

टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ साचलेला असतो. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड तळापासून थोडं वर असतं, म्हणून शांत पाण्यात ते वरचं स्वच्छ पेट्रोल ओढतं. रिपमध्ये तळ ढवळला गेला की तेच तोंड पाणी ओढतं. फिल्टर भरतो, इंजिन मरतं. तासाभराने सगळं खाली बसतं आणि तुम्ही सुखरूप घरी. मग यार्डात काय कपाळ दिसणार?

आता यार्डाबद्दल. नाव लिहीत नाही, त्यांच्याकडे चांगली माणसंही होती. पण पद्धत अशी की बोट ट्रेलरवरच ठेवायची, इंजिनाला बागेची नळी लावायची, दहा मिनिटं चालवायचं, प्लग बदलायचे, बिल द्यायचं. पुन्हा बंद पडलं म्हणून गेलो, तर फ्युएल पंप बदलला. तोही जुन्या पंपात काय बिघडलं होतं ते न दाखवता. "जुना पंप कुठे आहे?" म्हटलं, तर "फेकला." "बाहेर लाटेत नेऊन बघाल का?" म्हटलं, तर काउंटरवरच्या बाईंनी सी-ट्रायलचा (बोट पाण्यात चालवून बघण्याचा) ताशी दर सांगितला, आणि ट्रायल घेतली ती नदीत, नो-वेकच्या ('हळू चालवा') पाटीच्या अलीकडे. प्रत्येक वेळी बोट परत रांगेत. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण जूनमधली अमावास्या-पौर्णिमेची उधाणं बोट त्यांच्या कुंपणाआड असताना गेली, ते अजून डोक्यातून जात नाही. जूनचा मासा जुलैत मिळत नाही हो.

शेवटी शेजारच्या स्लिपवरच्या (बोट बांधायच्या जागेवरच्या) एका म्हाताऱ्याने, आयुष्यभर लॉब्स्टरच्या मागे राहिलेला माणूस, एवढंच विचारलं की फिल्टरमधलं बरणीत ओतून बघितलं का कुणी. कुणीच नव्हतं बघितलं.

तर तुम्ही आधी हे करा. रिपमधून आल्या आल्या, सगळं खाली बसायच्या आत, इंजिन थंड झालं की वॉटर सेपरेटर (पेट्रोलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) काढा आणि त्यातलं सगळं एका रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ओता. उघड्यावर, आसपास ठिणगी नाही, विडी-सिगारेट नाही, हातात मोजे. बरणी दहा-पंधरा मिनिटं हलवू नका. माझ्या बरणीत वर पिवळसर पेट्रोल होतं, खाली दोन बोटं पारदर्शक थर, आणि त्या थराच्याही खाली तांबूस रेतीसारखा गाळ. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. पाणी मर्यादेपेक्षा जास्त झालं की इथेनॉल त्या पाण्याबरोबर सुटून खाली बसतं. थर नीट दिसत नसेल तर जिलबीचा रंग चिमूटभर टाका, तो पाण्याच्या थरात विरघळतो, पेट्रोलमध्ये नाही. फोटो काढा, तारीख टाका. आणि ते गटारात ओतू नका, गावाच्या घातक कचऱ्याच्या दिवशी द्या.

बरणी स्वच्छ निघाली तर दुसरी चाचणी. बाहेरची सहा गॅलनची टाकी ताज्या पेट्रोलने भरून इंजिन थेट तिच्यावर चालवा. वारा नसताना, भांगाच्या (कमी जोराच्या भरती-ओहोटीच्या) दिवशी, ओळखीची दुसरी बोट सोबत ठेवून, रिपच्या कडेकडेने. इंजिन बंद पडलं नाही तर दोष बोटीच्या टाकीत किंवा नळीत, इंजिनात नाही. यार्डाने पंप बदलण्याआधी हे केलं असतं तर निम्मं बिल वाचलं असतं. बंद पडतं त्या क्षणी कुणाला तरी प्रायमर बल्ब (पेट्रोलच्या नळीवरचा रबरी पंप) दाबून बघायला सांगा. चपटा झालेला असेल तर मागून पेट्रोल येत नाहीये: व्हेंट (टाकीत हवा जायची वाट) तुंबलाय किंवा अँटी-सायफन व्हॉल्व्ह (टाकीतून पेट्रोल आपोआप वाहू नये म्हणून असलेली झडप) अडकलाय. व्हेंटच्या नळीत कोळी जाळं करतो, हसू नका, नेहमीचं आहे.

आणि पाणी येतं कुठून ते शोधल्याशिवाय टाकी साफ करून उपयोग नाही. माझ्या बोटीत पेट्रोल भरायच्या झाकणाखालचं रबरी कडं वाळून चिरलं होतं. झाकण गनेलवर (बोटीच्या वरच्या कडेवर), रिपमध्ये बाजूने पाणी चढलं की ते झाकणावरून वाहणार, आणि थोडं थोडं आत जाणार. दोन-तीन डॉलरचं कडं. तुमचं झाकण आज काढा, कडं बोटाने वाकवून बघा. भेग दिसली तर पुढे वाचायचीही गरज नाही.

बरणीचा फोटो हातात आला की यार्डाला (शक्यतो दुसऱ्या) लेखी कळवा की टाकी रिकामी करून तळ बघायचा आहे, काढलेला प्रत्येक भाग परत हवा आहे, आणि आधी अंदाजपत्रक. तोंडी काही ठरवू नका. माझा अनुभव असा की बाई किंवा बुवा काउंटरवर कितीही गोड बोलले तरी मेकॅनिकच्या हातातल्या कागदावर 'स्टार्ट होतं का बघा' एवढंच पोचतं.

वरच्या चाचण्या सोडल्या तर दुरुस्ती होईपर्यंत रेसमध्ये जाऊ नका. हे जरा जोरात सांगतोय. तिथे नांगराचा भरवसा नाही, खोली आणि वेग दोन्ही तुमच्या दोरीच्या पलीकडचे. बंद बोट लाटेला आडवी होते आणि ओहोटी तिला ब्लॉक आयलंड साउंडकडे घेऊन जाते. वर ग्रॉटनच्या नौदल तळाची पाणबुडी त्याच वाटेने जाते. नौदलाच्या जहाजापासून शंभर यार्डांच्या आत जाता येत नाही, पाचशेच्या आत असाल तर कमीत कमी वेग ठेवावा लागतो. बंद इंजिनाने वाहत असताना हे त्यांच्या गार्डबोटीला समजावून सांगण्याचा प्रसंग कुणावर न येवो. ड्रिफ्ट करताना इंजिन चालू ठेवतो मी. आवाजाने मासा बिचकतो म्हणणारे पुष्कळ आहेत. असू दे बिचकत.

अजून एक, हे तुम्ही विचारलं नाही पण पोस्टमध्ये दिसलं. तुम्ही न्यू लंडन बंदराची भरतीची वेळ बघून निघता. रेसमध्ये पाणी फिरतं ते किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या वेळेला नाही, फरक पडतो. नोआचे (अमेरिकेची समुद्र-हवामान संस्था) प्रवाहाचे अंदाज वेगळे असतात, 'द रेस' या नावानेच, ते बघा. पाणी थांबल्यानंतरचा पहिला तास-दीड तास मला सगळ्यात आवडतो. मासा लागतो आणि बोटही माणसात असते. पूर्ण जोराची ओहोटी फोटोत छान दिसते.

जिग (शिशाचं खोटं आमिष) की ईल (सापासारखा लांब मासा), यावर तुमच्या धाग्यात वाद चाललाय. दिवसा बकटेल (केसांचं जिग), थ्री-वेवर (तीन कड्यांच्या जोडणीवर), आठ ते सोळा औंसाचं शिसं, तळ लागला की लगेच रीळचे दोन-चार वळसे वर, नाहीतर दगडाला दान. रात्री जिवंत ईल, पण आमिष लावलं की सर्कल हुकच (टोक आत वळलेला गोल गळ) लागतो, नियम आहे. आणि रेसचं बरंचसं पाणी न्यूयॉर्कचं आहे, कनेक्टिकटचं नाही. तिथला स्ट्राइपरचा हंगाम १५ एप्रिल ते १५ डिसेंबर. सध्या २८ ते ३१ इंचांमधला एकच मासा दिवसाला ठेवता येतो, तरी निघण्यापूर्वी दोन्ही राज्यांचे चालू नियम बघून घ्या, मधेच बदलतात. चव म्हणाल तर अलिबागच्या जिताड्याची सर नाही, पण आगळ लावून तव्यावर टाकला तर घरचे तक्रार करत नाहीत. पोटाकडची चरबी आणि कडेचं काळपट मांस मात्र काढून टाका.