इक्थिओसॉरचं वेड आणि पोटापाण्याचा प्रश्न

नमस्कार ताई,

तुमची लेक अकरावी सायन्सला आहे, इक्थिओसॉरने, म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरीसृपाने, तिला झपाटलंय आणि तुम्ही विचारलंय, "यात पोट भरेल का, की डॉक्टरकीकडेच वळवू?" मनाविरुद्ध वळवू नका. मात्र या प्राण्यापर्यंत जायची वाट दगडांतून जाते, हे तिला आत्ताच कळलेलं बरं.

कच्छचंच बघा. भुजजवळच्या लोडाई गावालगत इक्थिओसॉरचा जवळजवळ अख्खा सांगाडा सापडला, सुमारे साडेपाच मीटर लांब. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांच्या भारतीय व जर्मन सहकाऱ्यांनी २०१७ साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. भारतातला हा ज्युरासिक काळातला पहिलाच इक्थिओसॉर. त्याचा काळ, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, ठरवायला खडकाच्या त्याच थरांतले अमोनाइटचे, म्हणजे नामशेष झालेल्या एका समुद्री प्राण्याचे, शंख कामी आले. दातांच्या झिजेवरून तो टणक कवचाचे प्राणी खात असावा, असं दिसलं. म्हणजे हाडं ओळखायला जीवशास्त्र हवंच, पण थर वाचता आला नाही तर सांगाडा मुका राहतो.

म्हणून बारावीनंतर जिऑलॉजीत बी.एस्सी. करू दे. पुण्यात फर्ग्युसनला हा विषय आहे. पुढे 'जॅम' ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत, नाहीतर पुणे विद्यापीठात एम.एस्सी., मग पीएच.डी. लखनौची बिरबल साहनी संस्था तर जीवाश्मांच्या अभ्यासासाठीच ओळखली जाते.

नोकरीचं स्पष्ट सांगते. मोठ्या सरीसृपांवर संशोधन करायच्या जागा देशात मोजक्याच आहेत. पण एम.एस्सी. जिऑलॉजी झालेली मुलगी रिकामी बसेल, ही भीती नको. यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं. भूजल आणि खाणकामातही संधी असतात. तेल कंपन्यांना सूक्ष्म जीवाश्म ओळखणारी माणसं लागतात, कारण विहीर खणताना खडकाचं वय त्यांवरून कळतं. त्या कामातही जीवाश्मांचा अभ्यास आहेच, फक्त तो सूक्ष्मदर्शकाखाली चालतो. हे तिला रुचेल का, ते तिलाच विचारा.

आपल्या महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या खडकाचा, तिथे समुद्री सरीसृप मिळायचे नाहीत. तरी जवळच्या कॉलेजच्या जिऑलॉजी विभागात भेटून त्यांच्या एखाद्या फील्ड ट्रिपला तिला नेतील का, ते विचारा. दिवसभर उन्हात हातोडी घेऊन दगड फोडून संध्याकाळीही ती उत्साहात असेल, तर माझ्या मते तिला अडवू नये.

तिने गणित घेतलंय का, ते पत्रात नाही. घेतलं असेल तर सोडू देऊ नका. नसेल तर लगेच कळवा, म्हणजे त्याप्रमाणे कॉलेजं सुचवता येतील.