सात हजारांची पेडल्स की एकतीस हजारांचं पॅकेज?

प्रश्न थोडक्यात असा. वाचक सांगलीत विश्रामबागला राहतात, कुपवाड एमआयडीसीत नोकरीला आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सेकंड-हँड स्पोर्ट्स कार घेतली. गाडी आज साडेचार वर्षांची, १,८०० सीसी, मॅन्युअल गिअर. हातात पगार ६८,०००, घरखर्च ३८,०००, गाडीचा हप्ता १६,४०० (व्याज ११ टक्के, २० हप्ते बाकी), एसआयपी ५,००० आणि बचत खात्यात १ लाख १० हजार. पेडलवरची रबरं झिजली आहेत, तिथे मेटलची कव्हरं बसवायची आहेत. पर्याय तीन. ऑनलाइन मिळणारा कुठल्याही गाडीला बसणारा १,४०० चा सेट. त्यांच्याच मॉडेलसाठी कंपनीने काढलेला ७,६०० चा सेट, घरी बसवायचा. किंवा पुण्यातल्या एका गॅरेजचं ३१,००० चं पॅकेज: पेडल्स, डेड पेडल (डावा पाय टेकवायची जागा) आणि मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट, सहा महिने नो-कॉस्ट ईएमआयवर. गॅरेजवाल्याचं म्हणणं, "गाडीची किंमत वाढते, गुंतवणूकच समजा."

नमस्कार,

७,६०० चा सेट घ्या, रोखीने घ्या आणि घरीच बसवा. पॅकेज सोडून द्या. १,४०० चा सेट कुणी फुकट दिला तरी लावू नका.

आधी तो गुंतवणुकीचा विषय संपवू. सेकंड-हँड गाडी घेणारा मॉडेल, वर्ष, किलोमीटर, कितवा मालक आणि इन्शुरन्स बघतो. पेडलचे तो पैसे देत नाही, उलट जास्त बदल दिसले की 'गाडी दामटलेली दिसते' म्हणून भाव पाडतो. तेव्हा हा शुद्ध हौसेचा खर्च आहे. हौस करायला माझी काही हरकत नाही, फक्त ती हौसेच्या खात्यातून करावी. तुमच्या आकड्यांत सगळं वजा जाता महिन्याला ८,६०० उरतात. ७,६०० चा सेट एका महिन्याच्या शिलकीत बसतो, बचतीला हात लागत नाही. पॅकेज म्हणजे साडेतीन महिन्यांची शिल्लक.

ती साडेतीन महिन्यांची शिल्लक तुम्हाला परवडत नाही, कारण घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ५४,४०० लागतात आणि १ लाख १० हजार म्हणजे जेमतेम दोन महिने. खासगी नोकरीत किमान चार महिन्यांचे पैसे बाजूला हवेत, म्हणजे २ लाख १७ हजारांच्या आसपास. दर महिन्याची शिल्लक तिकडे वळवली तर तिथे पोचायला साधारण वर्ष लागेल.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल लोक उगाच घाबरवतात. ३१,००० वर सहा महिन्यांत व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी धरून पाचशेच्या आसपास जातील. खरा तोटा निराळाच असतो: रोखीने घेताना जी सूट मागता आली असती ती मागताच येत नाही. आणि एक हप्ता चुकला तर कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. तेच ३१,००० आज गाडीच्या कर्जात भरले तर उरलेल्या मुदतीत साडेपाच ते सहा हजार व्याज वाचेल. पण वाहनकर्ज बहुधा फिक्स्ड रेटचं असतं आणि मुदतीआधी पैसे भरायला चार्ज लागू शकतो, तेव्हा करारातलं ते कलम आधी वाचा. शिवाय पुण्याला जाऊन येणं म्हणजे पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. लिटरला बारा किलोमीटर धरले तरी पेट्रोल चार हजारांचं, वर तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूरचा टोल दोन्ही वेळा.

एक्झॉस्टचं मात्र स्पष्ट सांगतो. पेडल कव्हरने आरसी बुकातली कुठलीच नोंद बदलत नाही, त्यामुळे तिथे आरटीओचा प्रश्न येत नाही. सायलेन्सर बदलून आवाज वाढवणं ही वेगळी गोष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पॅकेजमधला सर्वांत महाग भाग नेमका हाच असावा.

आता १,४०० च्या सेटबद्दल, कारण तुमच्या डोक्यात बहुतेक तोच घोळतोय. कव्हर पेडलला तीन तऱ्हांनी धरतं. एक, मेटलच्या पत्र्यामागे रबराचा खोलगट मोजा असतो आणि तो पेडलच्या प्लेटवर ताणून बसतो; कंपनीचे सेट बहुधा असेच असतात. दोन, मागून आकड्यासारख्या पट्ट्या येतात आणि एल-कीच्या बोल्टने आवळतात. तीन, प्लेटला भोक पाडून आरपार बोल्ट. युनिव्हर्सल सेट दुसऱ्या किंवा तिसऱ्या तऱ्हेचा असतो. तो कुठल्याच प्लेटच्या मापाचा नसल्यामुळे कडेला दोन-तीन मिलिमीटरची फट राहते. रोजच्या दाबाने बोल्ट हळूहळू सैल होतात, मग कव्हर फिरतं. ब्रेकचं कव्हर फिरलं की त्याची कड अ‍ॅक्सिलरेटरच्या वाटेत येते. तुमच्या गाडीत एकाच पायाच्या टाच-चवड्याने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबता यावेत म्हणून ती दोन पेडल्स मुळातच जवळ असतात, हे लक्षात घ्या. ऊस हंगामात रात्री इस्लामपूरच्या रस्त्याला रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली समोर उभी दिसते, तेव्हा पाय कव्हरवरून सटकून चालत नाही.

भोक पाडायचा विचार तर करूच नका. अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल बहुतेक प्लॅस्टिकचं असतं आणि त्याच्याच जोडीला सेन्सर असतो. ड्रिलने तडा गेला की नुसतं पेडल बदलून भागत नाही, पूर्ण मॉड्यूल घ्यावं लागतं. एक्स्टेंडेड वॉरंटी असली तरी भोक पाडलेल्या भागाचा दावा कंपनी नाकारणार. ६,२०० वाचवायला गेलेला माणूस तिथे हजारोंनी अडकतो.

कंपनीचा सेट मागवताना पार्ट नंबर चेसिस नंबरवरून जुळवून घ्या, नुसत्या मॉडेलच्या नावावरून नको. मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचे सेट वेगळे असतात, ऑटोमॅटिकचं ब्रेक पेडल रुंद असतं. शिवाय व्हर्नियरने तुमच्या प्लेटची रुंदी, उंची आणि जाडी मोजून ठेवा. बिल पक्कं घ्या.

बसवायला तासभर पुरे. गॅरेजवाला ७००-८०० मागेल, ते वाचतात. ड्रिल वगैरे काही विकत घ्यायचं नाही. प्लॅस्टिकची पट्टी, डोक्याला लावायचा टॉर्च, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनं फडकं एवढंच लागतं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, पहिल्या गिअरला, चाकाला वीट. इंजिन बंद, आणि पुश-स्टार्ट असेल तर चावी घरात ठेवा. क्लचवर काम करताना बटणाला धक्का लागायला नको. सीट पूर्ण मागे, मॅट बाहेर.

जुनं रबर एका कोपऱ्यापासून पट्टीने उचकटा. कडक झालं असेल तर हेअर ड्रायरने दोन मिनिटं गरम करा, स्क्रू ड्रायव्हरने ओरबाडू नका. प्लेट अल्कोहोलने पुसा. तिथे टायर पॉलिशचा किंवा सिलिकॉन स्प्रेचा थर असेल तर नवं कव्हर आज बसेल आणि महिन्याने सरकेल. नव्या कव्हरचं रबर हात जेमतेम बुडेल इतक्या गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, पूर्ण कोरडं करा, मग वरची कड आधी अडकवून खालची ओढून घ्या. तेल किंवा डब्ल्यूडी-४० लावून सरकवायचा मोह होतो, तो टाळा. जे आत जायला मदत करतं तेच बाहेर यायलाही करतं. चारही बाजूंची रबराची ओठी प्लेटच्या मागे गेली की नाही, हे डोळ्यांनी पाहण्यापेक्षा बोट फिरवून बघा. वरचा आतला कोपरा सगळ्यांत जास्त वेळा राहून जातो.

मग तपासणी, आणि ही निम्म्याहून महत्त्वाची. कव्हर हाताने जोरात ओढा, पिळा. इंजिन बंद असताना ब्रेक वीस-पंचवीस वेळा पूर्ण ताकदीने दाबा. क्लच जमिनीपर्यंत नेऊन कड कार्पेटला घासते का बघा. अ‍ॅक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून सोडा, तो स्वतःहून झटकन वर आला पाहिजे. मॅट परत टाकून हेच पुन्हा करा. ओल्या बुटानेही एकदा करून बघा; पावसाळ्यात गुळगुळीत मेटलवर तळवा घसरतो, म्हणून रबराचे ठिपके उठून आलेला सेटच निवडा. खाली वाकून काम करताना ब्रेकच्या दांड्याजवळच्या स्विचला धक्का बसतो, तेव्हा मागे कुणाला तरी उभं करून ब्रेक लाइट पेटतात आणि विझतात याची खात्री करा. आठवड्याने आणि मग पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा ओढून बघा.

डेड पेडल राहू द्या. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत कार्पेट सोडवावं लागतं, आणि डाव्या पायाच्या विश्रांतीला एवढा खटाटोप कशाला?

इन्शुरन्समध्ये नंतर लावलेली अ‍ॅक्सेसरी पॉलिसीत नोंदवली तरच धरली जाते. पण ७,६०० साठी ते करून फार हाती येणार नाही. १,५०० सीसीवरच्या गाडीला दर क्लेमला २,००० तुमच्या खिशातून जातात. शिवाय सलग दोन वर्षं क्लेम नसेल तर येत्या रिन्यूअलला २५ टक्के नो क्लेम बोनस मिळतो. ओन डॅमेज प्रीमियम (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग) २४,००० असेल तर हा बोनस ६,००० होतो. दोन्ही मिळून ८,०००, म्हणजे सेटपेक्षा जास्त.

त्याच रिन्यूअलला मात्र इंजिन प्रोटेक्ट हा अ‍ॅड-ऑन (पॉलिसीला जोडून जादा प्रीमियमवर मिळणारं संरक्षण) मागून बघा. पुराने गाडीचं झालेलं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत येतं. पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केल्याने इंजिन गेलं तर ते अ‍ॅड-ऑनशिवाय त्या पॉलिसीत बसत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगलीत हे कुणाला समजावून सांगावं लागू नये. बऱ्याच कंपन्या हा अ‍ॅड-ऑन गाडीच्या ठरावीक वयापर्यंतच देतात. तुमची गाडी साडेचार वर्षांची आहे, तेव्हा रिन्यूअलच्या महिनाभर आधी दोन-तीन कंपन्यांचे कोट घ्या आणि पॅकेजचे जे पैसे वाचले त्यातून तो प्रीमियम भरा.

जुनी रबरं फेकायची का, असंही विचारलंत. झिजली असली तरी झिपच्या पिशवीत घालून घरात ठेवा, डिकीत उन्हात नको. गाडी विकताना गिऱ्हाइकाने मूळची मागितली तर ती लावून द्या आणि मेटलचा सेट वेगळा विका.