४,२९,४९,६७,२९७ या संख्येला ६४१ ने भाग का जातो?

प्रश्न : फर्माने मूळ मानलेल्या ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला ६४१ ने भाग जातो, हे ऑयलरने दाखवले असे वाचले. गणकयंत्राशिवाय एवढ्या मोठ्या संख्येचा विभाजक शोधणे कसे शक्य झाले? प्रत्यक्ष भागाकार न करता हे पटवता येईल का?

उत्तर : ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. घातांक १, २, ४, ८ आणि १६ घेतले, तर याच रीतीने ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात आणि त्या पाचही मूळ आहेत. घातांक असाच दुप्पट करत गेल्यास पुढच्या सर्व संख्याही मूळच निघतील, असा विश्वास पिएर द फर्मा याने १६४० साली पत्रांतून व्यक्त केला होता, परंतु त्याची सिद्धता त्याच्याकडे नव्हती. १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलरने लगेच पुढची संख्याच संयुक्त असल्याचे दाखवून दिले.

वर्गमूळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचे ठरवले, तर ६,५४२ संख्या तपासाव्या लागतील. ऑयलरने पुढे सिद्ध केलेल्या नियमामुळे हे काम जवळजवळ संपूनच जाते. एखादी मूळ संख्या ‘म’ आपल्या संख्येची विभाजक असेल, तर ‘म’ने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ आणि ६४ व्या घाताची बाकी १ येते, व त्याहून लहान कोणत्याही घाताची बाकी १ येत नाही, म्हणून फर्माच्याच एका प्रमेयानुसार ‘म’ वजा १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ या आहेत. म्हणजे पाचव्याच प्रयत्नात उत्तर हाती येते! फर्माने स्वतःचेच प्रमेय येथे लावून पाहिले नसावे, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता तुमच्या दुसऱ्या शंकेकडे वळू. ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. शिवाय ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, अर्थात ५ आणि २ यांच्या चौथ्या घातांची बेरीज. या दुसऱ्या रूपाला २ च्या २८ व्या घाताने गुणल्यास मिळणारी बेरीज अशी : ६४० चा चौथा घात अधिक २ चा ३२ वा घात. हिला ६४१ ने भाग जातो हे उघड आहे. दुसरीकडे, ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केल्यास येणाऱ्या संख्येचा ६४० अधिक १ हा एक अवयव असल्याने तिलाही ६४१ ने भाग जातो. पहिलीतून दुसरी वजा केली की २ चा ३२ वा घात अधिक १ एवढेच उरते, म्हणजे नेमकी आपली संख्या. दुसरा अवयव ६७,००,४१७ आहे आणि तो मूळ आहे.

या संख्येतून २ वजा केल्यास येणारी ४,२९,४९,६७,२९५ ही संख्याही पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला दिलेल्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाच मूळ संख्यांचा ती गुणाकार आहे, आणि गाउसच्या सिद्धांतानुसार तेवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपास वापरून रचता येतो. बाजूंची संख्या विषम असलेला, असा रचता येणारा याहून मोठा बहुभुज आजवर ज्ञात नाही, कारण ६५,५३७ नंतर या प्रकारची एकही मूळ संख्या अद्याप सापडलेली नाही.