स्वयंसेवकाला मानधन कसे?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका वाचकाने विचारले आहे: ‘पंचायतीच्या फलकावर “स्वयंसेवक पाहिजेत, मानधन दिले जाईल” असे वाचले. पैसे घेणार तो स्वयंसेवक कसला? आणि व्याख्यात्याला पाकिटातून देतात तेही मानधन, अंगणवाडी सेविकेला महिन्याला मिळते तेही मानधन, हे कसे?’

पहिला प्रश्न सोपा आहे. ‘स्वयंसेवक’ या शब्दात ‘फुकट’ कुठेच नाही. स्वयं म्हणजे आपण होऊन. त्याच्या उलट शब्द ‘पगारी’ नव्हे, ‘वेठीला धरलेला’. (वेठ आली संस्कृत ‘विष्टि’वरून. वेठबिगारीतली बिगार मात्र फारसीची.) तेव्हा फलक चुकलेला नाही.

खरी मजा ‘मानधन’ शब्दात आहे. संस्कृतात हा बहुव्रीही: मान हेच ज्याचे धन, तो मानधन. म्हणजे मानी माणूस. भारवी कवीच्या ‘किरातार्जुनीय’ महाकाव्यात, पहिल्याच सर्गात, दुर्योधनाच्या योद्ध्यांना ‘मानधन’ म्हटले आहे आणि त्याला लागूनच ‘धनार्चित’ असे दुसरे विशेषण आहे. मानी तर ते होतेच, शिवाय राजाने पैसे देऊन त्यांना खूश ठेवले होते. भारवीला दोन गोष्टींसाठी दोन शब्द लागले. मराठीने एकातच भागवले: मान म्हणून दिलेले धन. समास बदलला आणि माणसाला लागणारा शब्द पाकिटाला लागला.

हा शब्द मुळात कोणासाठी वापरायचा? ज्याला ‘तुमचा दर काय?’ असे विचारणे बरे दिसत नाही त्याच्यासाठी. व्याख्याता, परीक्षक, कीर्तनकार. त्याचे घर दुसऱ्या कशावर तरी चालते, हे त्यात धरलेले असते. रक्कम मोजायची नाही, खिशात घालायची. पोटाला लागते त्याचे नाव ‘पगार’, आणि तो तर आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी उतरवलेला शब्द. त्यांच्या भाषेत ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे. मान नाही, अपमान नाही, नुसता हिशेब. मला हा शब्द फार प्रामाणिक वाटतो.

अंगणवाडीची योजना 2 ऑक्टोबर 1975 ला, गांधी जयंतीला सुरू झाली. तिथे बाईला ‘सेविका’ म्हटले, तिच्या हाताखालच्या बाईला ‘मदतनीस’. (चिटणीस, फडणीस यांतला ‘नीस’ म्हणजे लिहिणारा. मदतनिसाच्या हातात लेखणी नाही, झाडू आणि पातेले आहे. प्रत्यय तेवढा दरबारी.) आणि दोघींना पगार नाही, मानधन. सेविका म्हटले की सेवा आली, सेवा म्हटली की मोल विचारायचे नाही. गंमत अशी की सरकारी साहेबही सेवाच करतो: त्याला सेवापुस्तक असते, सेवाज्येष्ठता असते, सेवानिवृत्ती असते. पण साहेबाला कोणी सेवक म्हणत नाही. धातू एकच, पेन्शन वेगळे.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेमका हाच वाद होता. सेविकांना मिळते ते मानधन, वेतन नव्हे, म्हणून 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा त्यांना लागू नाही, असे गुजरात सरकारच्या बाजूने सांगितले जात होते. न्यायालयाने ते मानले नाही: नाव काहीही द्या, केलेल्या कामाबद्दल मिळते ते कायद्याच्या व्याख्येत वेतनच.

गावाच्या कामात भाग कोणाचा, याचेही शब्द आपल्याकडे जुने आहेत. महाराष्ट्रात गावात राहतो तो गावकरी. गोव्यात ‘गांवकार’ होता येत नाही, जन्मावे लागते, तेही मुलगा म्हणून. गांवकारांच्या हक्कांचा पोर्तुगीज कागद 1526 चा आहे. गावाची सामाईक जमीन सांभाळणारी गांवकारांची संस्था ती कोमुनिदाद, आणि तिच्या उत्पन्नातला त्यांचा वाटा तो ‘जोण’. तो मिळायला शेतात उतरावे लागत नाही; उतरत होते ते कूळ आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार, आणि बैठकीत त्यांना मत नव्हते. आता 1994 च्या पंचायत राज कायद्याने मतदार यादीत नाव असलेला प्रत्येकजण ग्रामसभेचा सदस्य आहे. पण सभा बहुतेक रविवारी, सकाळी दहा-साडेदहाला. हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बाईला रविवार म्हणजे कामाचा सगळ्यांत मोठा दिवस. मग सभेत बोलणारे कोण? रविवार ज्यांच्या मालकीचा आहे ते. त्यांतलेच पुढे ‘स्वयंसेवक’ म्हणून पत्रिकेत छापून येतात. ती येत नाही म्हणून तिला ‘उदासीन’ म्हणतात, आणि मला विचाराल तर तो शब्द तिथे चुकीचाच आहे.

आमच्या गावच्या वाचनालयाची व्हाउचरांची वही माझ्याकडे असते. वार्षिक दिनाची तीन व्हाउचरे ठरलेली: वक्त्याला मानधन, माइकवाल्याला भाडे, खुर्च्या मांडून सभागृह झाडणाऱ्या बाईला मजुरी. हे पत्र आले आणि यंदा मी तिच्या व्हाउचरवर मोठ्या तोऱ्यात ‘मानधन’ लिहिले. खजिनदारांनी वही डोळ्यांजवळ नेली. ‘रक्कम वाढवली काय?’ नव्हती वाढवली. बाईला सही करायला वही दिली तेव्हा तिने शब्द वाचला, आणि तिची सून अंगणवाडीत मदतनीस आहे हे मला तेव्हा कळले. ‘तें नाका मास्तर,’ ती म्हणाली, ‘मजुरीच बरय. मानधनाक म्हयने लागतात.’

मी खोडून पुन्हा मजुरी लिहिले.