आधी कार्ड बंद करा, योजनेचं नंतर बघू

प्रश्न: सहा दिवसांपूर्वी ऑनलाइन चित्रपट दाखवणाऱ्या एका सेवेच्या नावाने ईमेल आला. ‘तुमचं पेमेंट झालेलं नाही, २४ तासांत कार्डाची माहिती अपडेट करा.’ मी लिंकवर जाऊन पासवर्ड, कार्ड नंबर आणि ओटीपी टाकला. पगाराच्या ४० टक्के रक्कम गेली. बँक परत देईलच. ती सेवा मी घेतली होती का, हेही आता आठवत नाही. त्या कार्डावर ११ सबस्क्रिप्शन असल्याने कार्ड चालूच ठेवलंय. माझी सगळी बचत, म्हणजे साधारण आठ पगार, त्याच खात्यात आहे. एक एजंट ‘सायबर सुरक्षा’ योजना देतोय: दरमहा पगाराचा १ टक्का, तीन वर्षांचे एकदम भरायचे. घ्यावी का?

उत्तर: नाही. आणि पुढचं वाचायच्या आधी कार्ड बंद करा. बँकेच्या ॲपमधून, नाहीतर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करून.

झालं? आता तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक लिहून घ्या. ‘बँक परत देईलच’ हे तुम्हाला कुणी सांगितलं? ओटीपी तुम्ही टाकलात, वर सहा दिवस गप्प बसलात. मिळाले तर उत्तमच, पण हिशेबात ते गेले असंच धरा. तोच पासवर्ड ईमेललाही असेल, तर तो आजच बदला. ईमेल हाती लागलं की बाकीचे पासवर्ड त्यातूनच बदलता येतात.

आठ पगारांतले ०.४ गेले, म्हणजे ५ टक्के. उरलेल्या ९५ टक्क्यांची किल्ली सहा दिवस चोराकडे होती, ती का? तर ११ ठिकाणी नवा नंबर भरायचा कंटाळा! कार्ड जोडलेल्या खात्यात महिन्याचा खर्च ठेवा. बाकीचं दुसऱ्या खात्यात, ज्याचं कार्डच घ्यायचं नाही.

योजनेचं दोन ओळींत. पगाराचे ४० टक्के गेले म्हणून ३६ टक्के आगाऊ भरायचे. आणि तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात चौथ्या पानावर बारीक अक्षरात आहे: ग्राहकाने स्वतः ओटीपी दिल्यास भरपाई नाही. एजंटला ते पान मोठ्याने वाचायला सांगा.

ईमेलचा फोटोही पाहिला. वर नाव बरोबर आहे. नावावर बोट ठेवल्यावर दिसणाऱ्या पत्त्यात मात्र इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी-शेजारी बसवलेत. मोबाइलवर, दमून आल्यावर, हे मलाही दिसलं नसतं. लिंकच्या पानावर कुलपाचं चिन्ह होतं म्हणता, ते चोरालाही फुकट मिळतं. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. लिंक दाबायचीच नाही, सेवेचं ॲप स्वतः उघडायचं. बिल खरंच थकलं असेल तर तिथे दिसेल.

पण त्यासाठी आपण काय काय घेतलंय ते माहीत हवं. घेतली की नाही हेही न आठवणाऱ्या सेवेचं बिल भरायला तुम्ही धावलात, इतका हा पसारा झालाय. तुमच्या यादीत ११ सबस्क्रिप्शनना दरमहा पगाराचे ६ टक्के जातात. त्यातली सात तुम्ही वर्षभर उघडलेली नाहीत, त्यांचे ४. वर्षाला ४८. चोराने ४० नेले.

कार्ड बंद झालं की आता खऱ्या सेवांचेही ‘पेमेंट झालेलं नाही’ असे ईमेल येतील, अगदी चोराच्या ईमेलसारखे. एकाचीही लिंक दाबू नका. दोन आठवडे थांबा. ज्यांची आठवण झाली, त्यांच्या ॲपमध्ये नवा नंबर भरा. उरलेली रीतसर रद्द करा.