गोळ्या सुरू झाल्यापासून वाचलेलं लक्षात राहत नाही

राज्यसेवेची तयारी करणारी २३ वर्षांची मुलगी. पुण्यात कॉट बेसिसवर राहते, दिवसभर अभ्यासिकेत असते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नैराश्यासाठी तीन महिन्यांपासून गोळी चालू. रडू थांबलं, जेवण पूर्ववत झालं, पण आम्हा समुपदेशकांकडे ती नवीच तक्रार घेऊन आली: "मॅडम, रात्री वाचलेलं सकाळी पार कोरं असतं." गावाहून आलेल्या वडिलांनी निदानही करून ठेवलं होतं. "सेरोटोनिनच्या गोळ्या आहेत म्हणे. मेंदूशी खेळ केला की असंच व्हायचं. बंद करू का?"

परीक्षेच्या हंगामात हा प्रश्न हमखास येतो. अशा वेळी आधी दोनच गोष्टी मागायच्या: गोळीची स्ट्रिप आणि डॉक्टरांची चिठ्ठी. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या की निम्मं कोडं तिथंच सुटतं.

स्ट्रिपवर दोन नावं होती. एस्सिटालोप्राम १० मिलीग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलीग्रॅम, एकाच गोळीत. चिठ्ठीवर लिहिलं होतं, '३ आठवडे, मग दाखवणे'. ती परत दाखवायला गेलीच नव्हती. जुन्या चिठ्ठीवर केमिस्ट गोळ्या देत राहिला. खरं तर क्लोनाझेपाम डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारं औषध आहे, असं देता येत नाही. पण दिलं जातं.

सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशींचे संदेश वाहणारं रसायन. त्यावर काम करतं ते यातलं नैराश्यावरचं एस्सिटालोप्राम. क्लोनाझेपामचा सेरोटोनिनशी थेट संबंध नाही. ते गाबा नावाच्या रसायनाचा परिणाम वाढवतं, म्हणजे मेंदूची धडधड शांत करतं. सुरुवातीच्या आठवड्यांत घबराट आणि निद्रानाश आवरायला ते उपयोगी पडतं. पण नवीन माहिती पक्की होण्याच्या कामात नेमकं तेच आडवं येतं. जुनं शाबूत, नवं टिकत नाही, ही त्याची खूण. या मुलीला बारावीची रसायनशास्त्राची समीकरणं धडाधड आठवत होती, कालचं पंचायत राज नाही. १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवली तर आकडा सहा-सातच्या पुढे सरकेना. अर्ध्या तासाने विचारलं तेव्हा तीन शब्द उरले होते, आणि पर्याय देऊनही बाकीचे ओळखता आले नाहीत. नुसत्या नैराश्यात बहुतेक वेळा उलट दिसतं. आपणहून आठवत नाही, पण समोर ठेवलं की माणूस ओळखतो. एवढ्या एका चाचणीवर निदान होत नाही. दिशा मात्र कळते.

मग वेळ विचारली. मेसचं जेवण झालं की नऊला गोळी, आणि त्यानंतर साडेबारापर्यंत अभ्यास. क्लोनाझेपामची रक्तातली पातळी साधारण एक ते चार तासांत शिखराला जाते. म्हणजे दिवसातला सगळ्यात मन लावून केलेला अभ्यास बरोबर त्याच खिडकीत पडत होता. शरीरातून निम्मं औषध जायला ३० ते ४० तास लागतात, म्हणून सकाळीही डोकं जड.

आता वडिलांच्या सेरोटोनिनबद्दल. ते वाढलं की स्मरणशक्ती वाढते आणि घटलं की घटते, असं सरळ गणित नाही. त्याचे संदेश झेलणारे ग्राहक सात कुळांचे, साधारण १४ प्रकारचे आहेत, आणि एकाच रसायनाचा परिणाम कुठल्या ग्राहकावर पडतो त्यानुसार बदलतो. ५-एचटी१ए प्रकार (५-एचटी हे सेरोटोनिनचंच दुसरं नाव) हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या नव्या आठवणी घडवणाऱ्या भागात, भरपूर असतो. तोच सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींवर बसून लगामाचंही काम करतो. हा लगाम सैल व्हायला काही आठवडे लागतात. औषधाचा गुण उशिरा येण्याचं हे एक कारण मानलं जातं. ५-एचटी६ हा दुसरा प्रकार अडवला की प्राण्यांची स्मृती सुधारते असं दिसलं होतं, पण तो अडवणाऱ्या इडालोपिर्डिन या औषधाच्या अल्झायमरच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्या फसल्या. उंदरांवरचा निकाल वाचून 'मेमरी कॅप्सूल' मागवणाऱ्यांना हे जरूर सांगावं.

शिकण्यात सेरोटोनिनचा हात आहे हे मात्र पक्कं. एरिक कँडल यांनी ॲप्लिसिया या समुद्री गोगलगायीवर ते दाखवलं. चेतापेशींना सेरोटोनिन एकदा दिलं तर जोडणी काही मिनिटंच बळकट राहते. अंतर ठेवून पाच वेळा दिलं तर पेशी नवी प्रथिनं बनवते आणि बदल एक दिवसाहून जास्त टिकतो. स्मृतीवरच्या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. एस्सिटालोप्रामबद्दल केंब्रिजच्या संशोधकांचा २०२३ चा अभ्यास सांगण्याजोगा आहे. निरोगी माणसांनी ते किमान २१ दिवस घेतलं, तेव्हा लक्ष आणि स्मरण यांत लक्षणीय फरक दिसला नाही. बक्षीस किंवा चूक यांवरून शिकण्याची धार मात्र थोडी बोथट झाली. म्हणून 'मार्क चांगले आले तरी काही वाटत नाही' ही तक्रार उडवून लावू नये. डॉक्टरांना सांगावी, डोस किंवा औषध बदलता येतं.

या मुलीने आणखी एक उद्योग केला होता. आठवडाभर गोळी मोडून अर्धीच घेतली. एकत्र गोळी मोडली की दोन्ही औषधं अर्धी होतात! चक्कर, चिडचिड, मानेत करंट बसल्यासारखं. हा पुन्हा आजार नव्हता, मात्रा एकदम घटल्याचा परिणाम असावा. क्लोनाझेपाम अचानक थांबवलं तर फिटही येऊ शकते.

औषधात बदल समुपदेशक करत नाही. शब्दयादीचे आकडे, गोळीची आणि अभ्यासाची वेळ असं एका पानावर लिहून तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे परत पाठवलं. त्यांनी औषधं वेगळी केली: एस्सिटालोप्राम १० तसंच, पण सकाळी नाश्त्यानंतर, क्लोनाझेपाम दोन आठवडे ०.२५, मग त्याची अर्धी, मग बंद. इकडे आम्ही वेळापत्रक फिरवलं. नवीन धडे सकाळी, रात्री फक्त प्रश्नसंच, आणि प्रत्येक धड्याची उजळणी दुसऱ्या, चौथ्या आणि दहाव्या दिवशी, पुस्तक मिटून. वडिलांनी आणलेली ५-एचटीपीची (शरीर ज्यापासून सेरोटोनिन बनवतं त्या पदार्थाची) बाटली बाजूला ठेवायला लावली. एस्सिटालोप्रामसोबत ती घेतली तर थरथर, घाम, ताप, अस्वस्थता असा सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो. केळ्यांना हरकत नाही. त्यातलं सेरोटोनिन मेंदूपर्यंत पोचतच नाही.

क्लोनाझेपाम सुटल्यावर पहिले काही दिवस झोप विस्कटली, ते आधीच सांगून ठेवलं होतं. दीड महिन्याने, वेगळ्या शब्दयादीत, पाचव्या फेरीला बारा आणि अर्ध्या तासाने दहा. वडिलांचा शेवटचा प्रश्न उरला: परीक्षेआधी दुसरी गोळीही बंद करायची का? नाही. पहिल्याच नैराश्यात बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. शिवाय पंचविशीच्या आतल्या मुलांचा डोस बदलला की पहिले काही आठवडे मनात जीव देण्याचे विचार येत नाहीत ना, हे घरच्यांनी स्पष्ट विचारायचं असतं. कमी करायचंच असेल, तर परीक्षेनंतरची तारीख डॉक्टरांकडून आत्ताच घेऊन ठेवा.